घरात कुणी नाही

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हा राजांनाही प्रजेच्या तहानेची काळजी असायची!

अशाच एका राजानं नदीवर धरण बांधलं आणि दवंडी पिटवली, "ज्या गावात जितकी माणसं, तितकं त्याला पाटाचं पाणी." मग माणसं मोजायला त्यानं एक कारकून धाडला.

डोंगराच्या पायथ्याशी एक कोरडं ठणठणीत गाव होतं. तिथले रायाजी पाटील मिशीला पीळ देत म्हणाले, "आपलं गाव म्हणजे मुंग्यांचं वारूळ! पाणी आलंच समजा." आणि त्या खुशीत गावातले सगळे बाप्ये घेऊन ते शेजारगावच्या कुस्त्या बघायला गेले.

नेमका त्याच दिवशी कारकून आला. माणूस प्रामाणिक, पण सांगितलं तेवढंच ऐकणारा. त्यानं पहिल्या दारात विचारलं, "घरात कोण आहे?"

कुंभारीण मडकं थापत होती. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "कुणी न्हाई, दादा."

लोहारणीनं भाता ओढता ओढता तेच सांगितलं. तेलिणीनं तेच, धनगरणीनंही तेच. एरवी विहिरीवर आधी घागर कुणी बुडवायची यावरून या गावात रोज रामायण. या उत्तरावर मात्र साऱ्या आळ्यांचं एकमत!

पाटलांच्या ओसरीवर सासू, जावा, लेकी पापड लाटत होत्या. पाटलीणबाई म्हणाल्या, "घरात कुणी नाही हो. सांजच्याला या."

कारकुनानं राजाला सांगितलं, "गाव ओसाड आहे. तिथल्या बायकांनीच तसं सांगितलं."

ओसाड गावाला पाणी कशाला? राजानं तिथं हत्तींचं कुरण करायचं ठरवलं. लगोलग माहूत हत्ती घेऊन हजर! पाटलांची कडब्याची गंजी बघता बघता फस्त झाली. पाटलांची पाचावर धारण बसली. ते तडक दरबारात धावले.

"महाराज, घात झाला! आमचं गाव भरलेलं आहे हो!"

"मग त्या दिवशी घराघरांत कोण होतं?"

"कुणी नव्हतं, महाराज. बायका तेवढ्या होत्या."

दरबार खो खो हसला. राजा हसला नाही. तो म्हणाला, "पाटील, कारकून चुकला नाही. तुम्ही बायकांना जे शिकवलंत, तेच त्यानं ऐकलं. उद्या तो पुन्हा येईल आणि फक्त बायकांना विचारेल. त्या ज्याला मोजतील, तोच माणूस."

रात्रभर पाटील बायकोच्या विनवण्या करत होते. ती एवढंच म्हणाली, "बघू."

दुसऱ्या दिवशी कारकून ओसरीवर आला. "घरात कोण आहे?"

"मी आहे," पाटलीणबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या असं म्हणत होत्या. "सासूबाई आहेत. जावा आहेत. लेकी आहेत."

"आणखी?"

पाटील खांब धरून उभे. एकदा खाकरले, दोनदा खाकरले.

पाटलीणबाईंनी त्यांना पायापासून पागोट्यापर्यंत न्याहाळलं.

"हे एक आहेत," त्या म्हणाल्या. "लिहा हवं तर."

गावाला पाणी आलं, अगदी पोटभर आलं. आणि पाटील? कुणी "घरी कोण कोण?" असं विचारलं की ते आधी बायकोचं नाव घेऊ लागले, मग आईचं, लेकींचं, आणि आपलं सगळ्यांत शेवटी.

तात्पर्य: जो घरच्यांना जमेस धरत नाही, त्याला जगही जमेस धरत नाही.