टिंगी मुंगी आणि शेवटची कळी

एक होती मुंगी. तिचं नाव टिंगी. तिळाएवढी टिंगी राहायची गॅलरीतल्या जास्वंदीवर. कळीच्या कुशीत झोपायची.

एकदा काय झालं? टप्प! कळी गळली. टिंगीसकट खाली पडली.

टिंगी दुसऱ्या कळीवर गेली. टप्प! तीही गळली.

आता उरली एकच कळी. तीही डुगूडुगू हलत होती.

"जास्वंदीताई, जास्वंदीताई, कळ्या का गं गाळतेस? मी झोपू कुठं?"

जास्वंद म्हणाली, "माझी मुळं पाण्यात बुडाली. बशी रिकामी होईल, तर कळी टिकेल."

टिंगी गोंधळली. आजोबा तर रोज पाणी घालतात! पेल्यात पाणी उरलं, की ओत कुंडीत. पाणी घालून कळी गळते? हे असं कसं?

टिंगी निघाली. तुरु तुरु तुरु.

कुंडीखाली होती बशी. काठोकाठ भरलेली.

"बशीबाई, बशीबाई, रिकामी हो ना! कळी टिकेना. मी झोपू कुठं?"

बशी म्हणाली, "माझी मी कशी रिकामी होऊ? भुरी पाणी पिईल, तर मी रिकामी होईन."

टिंगी निघाली. तुरु तुरु तुरु.

कोपऱ्यात होती भुरी मांजर. अंगाचं मुटकुळं करून पडलेली.

"भुरीमावशी, भुरीमावशी, पाणी पी ना! बशी रिकामी होईना, कळी टिकेना. मी झोपू कुठं?"

भुरी म्हणाली, "म्याँव! गारठ्यात कोण पाणी पितं? ऊन येईल, तर मी पाणी पिईन."

समोर पाणी, आणि तहानच नाही? हे असं कसं?

टिंगी निघाली. तुरु तुरु तुरु. कठड्यावर चढली.

"उन्हा रे उन्हा, आत ये ना! भुरी पाणी पिईना, बशी रिकामी होईना, कळी टिकेना. मी झोपू कुठं?"

ऊन म्हणालं, "वाटेत एवढी मोठी चादर! चादर सरकेल, तर मी येईन."

टिंगी दोरीवर गेली. तुरु तुरु तुरु.

"चादरकाकू, चादरकाकू, सरका ना! ऊन येईना, भुरी पाणी पिईना, बशी रिकामी होईना, कळी टिकेना. मी झोपू कुठं?"

फडफड फडफड! चादर म्हणाली, "मला आजोबांनी वाळत घातलंय. आजोबा ओढतील, तर मी सरकेन."

खुर्चीत बसले होते आजोबा. हातात पेपर, शेजारी पाण्याचा पेला.

"आजोबा, आजोबा, चादर ओढा ना! चादर सरकेना, ऊन येईना, भुरी पाणी पिईना, बशी रिकामी होईना, कळी टिकेना. मी झोपू कुठं?"

आजोबा म्हणाले, "कळी टिकेना? मग पाणी कमी पडलं!"

"नाही हो, जास्त झालं! मातीला बोट लावून बघा ना!"

"एवढीशी तू, आणि मला शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून झाडं लावतोय मी!"

आणि आजोबांनी पेला ओतला. डुबुक! कळी आणखी वाकली.

टिंगी पार गोंधळली. जास्वंद म्हणते, पाणी जास्त. आजोबा म्हणतात, पाणी कमी. आणि बघत तर नाहीतच! हे असं कसं?

मग टिंगीला आला राग. आजोबांच्या अंगठ्यावर चढली आणि...

कच्च!

"आई गं!" आजोबा टुणकन उठले. तोल गेला. धरली चादर. सर्रर्र!

चादर सरकली. ऊन आलं. भुरी पाणी प्याली, लप लप लप. बशी रिकामी झाली. मुळं म्हणाली, हुश्श! आणि कळी टिकली.

आजोबांनी वाकून मातीला बोट लावलं. पचक!

"अरेच्चा! हा तर चिखल! मीच बुडवली की हिला!"

"तेच तर सांगत होते!" टिंगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा पेला घेऊन आले. मातीला बोट लावलं. अजून ओली! मग उरलेलं पाणी त्यांनीच पिऊन टाकलं. गट गट गट.

आणि कळी? कळीचं झालं लालचुटुक फूल. टिंगीला मिळाली मोठ्ठी मऊ गादी.

फूल उघडलं, टिंगी निजली. आता तुम्ही डोळे मिटा.