पान्हा चोरणारी तांबू

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या काळी गाई बोलत होत्या की नव्हत्या, हे सांगायला आज कुणी उरलेलं नाही. मी म्हणते, बोलत होत्या. ज्याला पटत नसेल त्याने एखाद्या गोठ्यात जाऊन घटकाभर निवांत बसून बघावं.

तर डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एक बाई राहत होती. तिचं खरं नाव लोक विसरून गेले होते. सगळे तिला लगबगबाई म्हणत, आणि तिला त्याचा अभिमानच वाटे. गावात पहिली चूल तिची पेटायची, पहिलं अंगण तिचं झाडून व्हायचं. उठल्यापासून पायाला भिंगरी.

तुम्ही म्हणाल, मग चांगलीच की बाई! चांगली होतीच, मनाने सोन्यासारखी होती. पण तिच्या घरचा भात नेहमी जरासा कच्चा असे. विरजण लावलं की लगेच ती मडक्यात बोट घालून बघे, थोड्या वेळाने पुन्हा बघे, त्यामुळे त्या घरात दही म्हणून कधी धड लागलंच नाही. नवरा जेवायला बसला की त्याचा शेवटचा घास तोंडात जायच्या आत ताट उचललं जाई. तो बिचारा गरीब स्वभावाचा. उजव्या हाताने जेवायचा आणि डाव्या हाताने ताट धरून ठेवायचा.

लगबगबाईला एक धाकटी बहीण होती, शेजारच्या गावात दिलेली. ती अगदी उलट स्वभावाची. पाणी प्यायची तर खाली बसून, आणि भांडं रिकामं होईपर्यंत जागची हलायची नाही. "वरात दाराशी आली तरी तू आपली वेणीच घालत होतीस," असं लगबगबाई तिला येता-जाता टोचायची. बहीण नुसती हसायची, आणि लगबगबाईला तिच्या हसण्याचाही राग यायचा.

एका वर्षी त्या गावात तापाची साथ आली. बहीण गेली. तिच्यामागोमाग तिचा नवराही गेला. मागे उरली एक तान्ही मुलगी, तांबू नावाची तांबडी गाय आणि गाईचं वासरू. लगबगबाई धावत गेली. तिने तिथलं सगळं आवरलं, घर झाडलं, दाराला कडी घातली, पोरीला छातीशी धरलं आणि गाय-वासरू हाकत दिवस मावळायच्या आत घरी परतली. शेजारणी भेटायला आल्या तेव्हा ती गोठा साफ करत होती.

"अगं, जरा टेक. रडून तरी घे," एक म्हातारी म्हणाली.

"रडायला वेळ कुणाला आहे, आजी? पोरीचं दुधाचं बघायचंय," लगबगबाई म्हणाली आणि चरवी घेऊन तांबूकडे वळली.

पण तांबूने दूध दिलं नाही. बहिणीकडे हीच गाय चरवी भरून दूध द्यायची, हे दोन्ही गावांना ठाऊक होतं. इथे आल्यापासून मात्र तिने पान्हा चोरायला सुरुवात केली. लगबगबाई गोठ्यात शिरायची, वासराला कासेला लावायची, आणि त्याने तोंड घातलं न घातलं तोच त्याला ओढून खुंट्याला बांधायची. मग सड असे खसाखसा ओढायची, की गाय अंग चोरून उभी राही. सारी खटपट करून ओंजळभर दूध पदरात पडे.

तिने उपाय करायचे बाकी ठेवले नाहीत. पेंड वाढवली, सरकी घातली, गाईची नजर उतरवली. मागचे पाय बांधून बघितले, तेव्हा तांबूने पाय सुटताक्षणी चरवीच लाथाडली. शेजारणींनी आपल्या घरचं थोडं थोडं दूध दिलं, पण उन्हाळा लागला होता आणि त्यांचीही जनावरं आटत चालली होती. कोण कुठवर देणार? इकडे पोर सुकत चालली. आधी ती भुकेने टाहो फोडायची. मग तिचं रडणं बारीक होत गेलं. एवढी धावपळ करणारी बाई, पण या एका जिवापुढे तिचं काही चालेना.

"ही गाय नाठाळ आहे," ती एका दुपारी नवऱ्याला म्हणाली. "उद्या हिला बाजारात नेते आणि हिच्या बदल्यात दुसरी दुभती गाय घेऊन येते."

"अगं, पण तुझ्या बहिणीची आठवण आहे ती. थोडं..."

"थोडं काय? पोर हातची जाईल ना!"

नवऱ्याचं पुढचं बोलणं ताटाबरोबरच उचललं गेलं.

दुसऱ्या दिवशी नवरा शेतावर गेला. लगबगबाईने पोरीला झोळीत बांधून घेतलं, पाण्याचा तांब्या घेतला आणि तांबूचं दावं हातात धरून निघाली. वासरू मागून आलंच. बाजार लांब होता. लगबगबाईने एकटीने तो ऊन चढायच्या आत गाठला असता, पण गाय गाईच्या चालीने चालते. तिला वाटेत गवताची काडी दिसते, मग ती थांबते. वासरू मागे राहतं, मग ती वळून बघत उभी राहते. लगबगबाईने दावं ओढलं, शेपटी पिरगळली, शिव्याही घातल्या. ओढ्याकाठच्या करंजापाशी आल्यावर तर तांबूने सरळ बसकण मारली.

ऊन चांगलंच तापलं होतं. झोळीतली पोर जागी होऊन कण्हायला लागली. आसपास घर नाही, माणूस नाही. लगबगबाई रडकुंडीला आली.

"ऊठ गं मेले! ऊठ म्हणते ना!"

"उठते," तांबू म्हणाली. "पण आधी तू बस."

लगबगबाईने दचकून इकडेतिकडे बघितलं.

"इकडे बघ. मीच बोलते आहे. इतके दिवस बोलतेच आहे, पण तू गोठ्यात येतेस कधी आणि जातेस कधी, माझं बोलणं पुरं होईल तर शपथ."

दुसरी कुणी असती तर घाबरून पळाली असती. लगबगबाई मुद्द्यावर आली. "बोलता येतंय तर आधी हे सांग, दूध का चोरतेस? या लेकराने तुझं काय वाकडं केलंय?"

"चोरत नाही गं बाई. मला ते सोडताच येत नाही. गाय घाबरली की तिचं दूध वर चढतं. तू आत शिरलीस की मला वाटतं, गोठ्याला आग लागली."

"मग माझी बहीण असं काय करायची? मंत्र म्हणायची?"

"हात धुवायची. पुसायची. मग एक हात माझ्या पाठीवर ठेवायची आणि तो तिथेच राहू द्यायची. वासराला आधी मनासारखं पिऊ द्यायची. मग खाली बसायची आणि काल काय जेवली ते मला सांगायची."

"जेवली ते? गाईला?"

"हो. भरीत केलं असलं तर मिरची किती घातली तेही सांगायची. मला कुठे भरीत खायचंय? पण ऐकायला बरं वाटायचं."

लगबगबाईला हे सगळं खुळ्यासारखं वाटलं. पण पोर कण्हत होती आणि दुसरा उपाय नव्हता. ओढ्यावर जाऊन तिने हात धुतले, पदराला पुसले. तांबू उठून उभी राहिली. लगबगबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि वासराला कासेला लावलं.

"झालं?" तिने विचारलं.

"नाही. तुझ्या हाताला अजून बाजार दिसतोय."

तिने हात काढला नाही. इथे झाडायला अंगण नव्हतं, ढवळायला भात नव्हता, उचलायला ताट नव्हतं. हाताखाली गाईची पाठ श्वासाबरोबर वर होत होती, खाली येत होती. वासरू चुटुचुटु पीत होतं. इतका वेळ आपण एका जागी कधी उभ्या होतो, हे तिला आठवेना.

मग ती खाली बसली. "काल मी जेवले..." तिने सुरुवात केली. "अगं, मला आठवतच नाही. परवाचंही आठवत नाही. मी उभ्या उभ्याच काहीतरी तोंडात टाकते."

"मग जे आठवतंय ते सांग," तांबू म्हणाली.

लगबगबाईला आठवली ती परकर नेसलेली धाकटी बहीण. शेताच्या बांधावरून ती मागून धावत यायची आणि हाका मारायची, "अक्का, थांब ना गं." ती रोजच म्हणायची.

"आणि मी कधी थांबलेच नाही," लगबगबाई म्हणाली. "एकदासुद्धा थांबले नाही गं तिच्यासाठी."

एवढे दिवस साठून राहिलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तांबूच्या पोटाला कपाळ टेकवून ती हमसून हमसून रडली. तिला कुणी घाई केली नाही. डोळे पुसून तिने बघितलं, तर सडांतून दूध आपोआप ठिबकत होतं. तिने तांब्या खाली धरला आणि हलक्या हाताने धार काढली. तांब्या भरला. पदराचं टोक दुधात भिजवून ती थेंब थेंब पोरीला पाजत राहिली. पोर प्यायली, पुन्हा प्यायली आणि तोंड उघडं ठेवूनच झोपी गेली. लगबगबाई बाजाराला गेली नाही.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण जन्माची खोड एका रडण्याने जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीवर भात ठेवून चरवी घेऊन गोठ्यात धावली, आणि तांबूने पुन्हा अंग चोरलं.

"आता गं काय झालं? काल रडले ना मी!"

"काल तू थांबलीस म्हणून दूध आलं. आज तुझे हात इथे आहेत आणि कान चुलीवर आहेत."

"मग भाताचं काय करू?"

"शिजू दे की. तो त्याचा त्याचा शिजतो."

लगबगबाई हट्टी होती. हातात घेतलेलं काम तिने आजवर कधी अर्धवट सोडलं नव्हतं. सबंध दिवस सावकाश जगणं आपल्याला झेपायचं नाही, हे ओळखून तिने एकच गोष्ट धरली. पाणी प्यायचं ते बसून. पहिल्या दिवशी ती बसल्या जागी चुळबुळत राहिली. पण पुढे ते अंगवळणी पडलं. मग तिने विरजणाच्या मडक्यावर ताटली ठेवली आणि स्वतःलाच आवर म्हणून ताटलीवर दगड ठेवला. सकाळी दगड उचलते तो काय, आत घट्ट, कवडी दही! नवऱ्याने वाटी चाटूनपुसून साफ केली आणि त्याचा डावा हात सबंध जेवणभर मांडीवर होता. पोरीला पाजताना दुसरं काहीही करायचं नाही, हेही तिने ठरवलं. ते मात्र तिला फार जड गेलं.

शेजारणींना विषयच मिळाला. "काय गं लगबगबाई, म्हातारी झालीस की काय?"

"नाही गं. दही लागलंय. ये, खाऊन जा."

कामं तुंबली का, असं कुणी विचारेल. काही तुंबली. अंगण आता गावात सगळ्यांच्या मागून झाडून होई, आणि त्याने काही आभाळ कोसळलं नाही. उतू गेलेलं दूध पुसायचं, कच्चा भात पुन्हा चुलीवर चढवायचा, सांडलेलं भरायचं, ही घाईने वाढवलेली कामं मात्र कमी झाली. ती किती होती हे तिला तेव्हा कुठे कळलं.

तांबू पुन्हा बोलली का? नाही. बोलायची गरजच राहिली नाही. रोज सकाळी लगबगबाई हात धुऊन तिच्या पाठीवर ठेवायची, वासराला पिऊ द्यायची आणि काल काय जेवले ते सांगायची. आता तिला ते आठवत असे. चरवी भरत असे. पोरीच्या दंडावर वळ्या पडल्या, गालाला खळी पडायला लागली, आणि एक दिवस भिंत सोडून ती आपल्या पायांवर उभी राहिली.

त्यानंतरची एक सकाळ. बायका विहिरीवर निघाल्या होत्या. लगबगबाई कमरेवर रिकामी घागर घेऊन निघाली आणि पोर तिचं बोट धरून निघाली. पोरीचं चालणं ते कसलं! एक पाऊल पुढे टाकायचं, मग मुंगी बघायची, मग खाली बसून मातीच उकरायची.

"अगं, उचलून घे तिला," पुढच्या बायका ओरडल्या. "विहिरीवर गर्दी होईल!"

"तुम्ही व्हा पुढे," लगबगबाई म्हणाली. "आम्ही येतोय."

बायका घागरी खणखणवत पुढे गेल्या. त्यांच्या गलबल्यात एक पाऊल जरी ती पुढे गेली असती, तरी तिला काही ऐकू आलं नसतं. पण ती थांबली होती. पोरीने मातीने भरलेला हात वर केला, तिच्याकडे बघितलं आणि अगदी हळू, जन्मात पहिल्यांदा, म्हणाली, "आई."

लगबगबाईने घागर खाली ठेवली आणि तिथेच भर रस्त्यात बसून तिने पोरीला कुशीत घेतलं. त्या दिवशी घरी पाणी उशिरा आलं, आणि नवऱ्याने का ते विचारलंसुद्धा नाही.

तात्पर्य: घाईने ओढून घेतलं तर ओंजळभरच हाती येतं; रोजच्या बारीकसारीक कामांत थांबायची सवय लावून घेतली, की आयुष्य आपणहून पान्हा सोडतं.