सुकाणूवरचे हात

“कुजला म्हणून टाकला, की टाकला म्हणून कुजला?”

दाऊद उस्तादांनी विचारलं. त्यांची पाठ मचव्याकडे होती.

जयवंत कुबल मचव्याखालून सरपटत बाहेर आला. पाठभर चिखल, केसांत शेवाळ. शिडाचा तो जुना मचवा खाडीकाठी उंडीच्या झाडाखाली कित्येक पावसाळे कलंडून पडला होता. जयवंतला तो विकत घ्यायचा होता. लोकांच्या होड्या त्याने पुष्कळ बांधल्या होत्या. स्वतःची एकही नव्हती.

“काय म्हणालात, उस्ताद?”

“ऐकलंस तू.”

“ते कशाला हवं? काय काय कुजलंय ते मी सांगतो.”

आणि त्याने सांगितलं. पुढच्या फळ्या गेल्या. सांध्यांत ठासलेला कापूस सुटला. खिळ्यांचा गंजून भुगा झाला. डोलकाठी बुडाशी चिरली.

“पण कणा शाबूत आहे. अस्सल साग. ठोकला की घंटेसारखा वाजतो.”

बोलताना त्याची मान ताठ होती. लाकडाला कान लावून त्याची नाडी सांगणारा त्याच्यासारखा दुसरा त्या किनाऱ्यावर नव्हता, आणि हे त्याला ठाऊक होतं. उस्तादांनाही ठाऊक होतं. ती विद्या त्यांचीच.

“बरोबर,” उस्ताद म्हणाले. “सगळं बरोबर.”

जयवंत हसला.

“आता माझ्या प्रश्नाचं सांग.”

…

उत्तर होतं मालकाकडे, आणि मालकाला त्याने काही विचारलंच नव्हतं.

मालक बांधावर बसले होते. हरचंद्र तांडेल. भर तुफानात हाच मचवा सुखरूप बंदरात आणणारे म्हणून अजून त्यांचं नाव निघायचं. आता दोन्ही डोळे गेले होते. तरी चेहरा खाडीकडेच.

“तांडेल,” जयवंतने विचारलं, “मचवा का टाकलात?”

“आधी तू सांग. घेतलास, तर चालवणार कोण?”

जयवंतला हा प्रश्न आवडला.

“मीच. दुरुस्त मी करणार, चालवणारही मीच. सुकाणूला दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही. शब्द देतो.”

तांडेलांनी खाडीकडचा चेहरा त्याच्याकडे वळवला. भरतीचं पाणी चिखलात चढत होतं.

“मग मी विकत नाही.”

“काय?”

“मीही हेच म्हणायचो. मुलगे मागायचे, बाबा, एकदा धरू द्या सुकाणू. मी म्हणायचो, माझ्या हयातीत नाही. नजर अधू झाली, तरी तेच. गेले दोघे, दुसऱ्यांच्या बोटींवर…”

त्यांनी मचव्याच्या दिशेने हात केला.

“मचवा चांगला होता रे. तेव्हा एक खिळा हलला नव्हता.”

जयवंतने उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद वाळूतला एक शिंपला उलटासुलटा करून बघत होते.

“मला दुसरा मचवा मिळेल,” जयवंत म्हणाला.

“मिळेल,” उस्ताद म्हणाले.

जयवंत निघाला. झाडाच्या सावलीबाहेर गेला. वाटेला लागला. तिथे थांबला, आणि मागे वळून बांधावरच्या तांडेलांकडे बघत राहिला.

…

परत आला तो तांडेलांपुढे येऊन उकिडवा बसला.

“तांडेल, वारा पाठीवर असला की हा मचवा कुठल्या अंगाला ओढायचा?”

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

“डाव्या. पण असं सांगून नाही कळायचं.”

“मग दाखवा.”

त्याने तांडेलांना हाताला धरून मचव्यावर चढवलं. कुजक्या फळ्या चुकवत, एकेक पाऊल सांगत मागे नेलं. सुकाणूच्या दांड्याला हात लागताच तांडेलांचे खांदे सरळ झाले. त्यांनी जयवंतचं मनगट चाचपलं, आणि त्याचा हात आपल्या हाताशेजारी दांड्यावर ठेवला.

“सैल धर. गळा दाबायचा नाही त्याचा.”

चिखलात रुतलेल्या मचव्यावर ते दोघे सुकाणू धरून उभे राहिले.

“ने मचवा,” तांडेल म्हणाले. “पाण्यात लोटशील त्या दिवशी माझ्या मुलांना बोलाव. येतील, न येतील…”

“बोलावतो. आले तर त्यांनाही धरायला देईन.”

खाली उस्ताद मचव्याला टेकून उभे होते. आयुष्यात त्यांनी होडीवर चढताना कोणाचा आधार घेतला नव्हता. गुडघे आखडले होते, तरी कोणी पुढे केलेला हात ते बाजूला सारायचे. हे माहीत असल्यामुळे जयवंत वर नुसता उभा राहिला.

उस्तादांनी मान वर केली.

“बघत काय राहिलास? हात दे.”