बामायचा वाटा

खाडीवर पूल झाला नव्हता आणि खारवलीचं मीठ गलबतांनी जायचं, त्या काळची ही गोष्ट. खारवली म्हणजे मिठागरांचं गाव. तिथं पाहुणासुद्धा ओंजळभर मीठ घेऊनच दारी यायचा. अशा गावात एका बाईची चूल अळणी होती. तिचं नाव बामाय.

बामाय मिठागरावर मीठ ओढायची. एकटी राहायची, बोलायला फटकळ. एका उन्हाळ्यात तिला मिठाच्या वाफ्यात एक मांजर सापडलं. कुठून आलं कोण जाणे. चिखलात रुतलेलं, तहानेनं खारं पाणी पिऊन पिऊन अर्धमेलं झालेलं. लोक म्हणाले, राहू दे, ते काही जगत नाही. बामायनं ते पदरात घेतलं आणि होडीनं पलीकडच्या वैद्याकडं नेलं. वैद्य म्हणाला, "खार आतपर्यंत भिनलाय. आता जन्मभर गोडं पाणी पाज आणि मिठाचा कण पोटात जाऊ देऊ नकोस. गेला तर मांजर गेलं."

गोडं पाणी डोंगराच्या पायथ्याच्या विहिरीला. कामावरून आली की बामाय हंडा घेऊन तिकडं निघायची. घरात मडकं एकच, त्यामुळे कालवण मांजरासाठी अळणी शिजायचं आणि मिठाचा कणही घरात नको म्हणून तीही तेच खायची. गावानं तिला वेड्यात काढलं. बामाय म्हणायची, "जीभ माझी हाय, तुमाला का झोंबते?" मग कोणी विचारत नसे.

शेजारीण चांगुणा मात्र मनानं हळवी. बिचारीनं किती दिवस असं बेचव खायचं, म्हणून एकदा बामाय पाण्याला गेलेली पाहून ती आत शिरली आणि चुलीवरच्या कालवणात चिमूटभर मीठ सोडून आली. चिमूटभरानं काय होतंय, मिठागरावरच्या माणसाला असंच वाटणार.

बामाय आधी मांजराला वाढायची. मांजर जेवलं आणि आडवं झालं. मान उचलेना, पाणी घेईना. बामायनं कालवण चाखलं आणि तिला कळलं. चांगुणा दारात रडत उभी होती. "काय करू गो आता?" बामायला इतका राग आला होता की तिच्याकडं बघवेना. "पानी आन," एवढंच ती म्हणाली.

चांगुणा हंडा घेऊन धावली. तिच्यामागं शेजारणी निघाल्या, मग सारी आळी. विहिरीपासून बामायच्या दारापर्यंत बायांची रांग लागली, असं म्हणतात. बामाय चिंधी भिजवून मांजराच्या तोंडात थेंब थेंब पिळत राहिली. विहीर तळाला गेली, असं म्हणतात. तेव्हा कुठं मांजराच्या मिशांवर, पाठीवर मिठाचे बारीक खडे फुटू लागले. बामाय ते ओल्या फडक्यानं टिपत गेली. शेवटचा खडा टिपला तसं मांजर उठलं आणि त्यानं हंड्यात तोंड घातलं.

ते पुढं इतकं जगलं, की त्याच्याशी खेळलेल्या पोरी आज्या झाल्या, असं म्हणतात. खरंखोटं खाडीला ठाऊक.

चांगुणानं मात्र त्या दिवसापासून रीत धरली. मीठ घालण्याआधी थोडं कालवण वाटीत काढून ठेवायचं. तिचं पाहून दुसरीनं, मग घराघरानं. मांजर गेलं, बामाय गेली, मिठागरंही बरीचशी बुजली. पण आजही नवी सून मिठाला हात घालायला गेली की सासू म्हणते, "थांब, आदी बामायचा वाटा काढ."

ती वाटी दारचं मांजर खातं. आणि घरात मीठ बंद केलेलं म्हातारं माणूस असलं, तर ती त्याच्या ताटात जाते. माझ्यासाठी वेगळं करा, असं म्हणायची वेळ खारवलीत कुणावर येत नाही.