व्यापाऱ्याची पिकदाणी

एकदा एक व्यापारी स्वतःची चांदीची पिकदाणी बरोबर घेऊन एका वृद्धाच्या दारात उतरला. इटलीच्या दक्षिणेला, ज्वालामुखीच्या राखेने काळ्या झालेल्या टेकडीवर त्या वृद्धाचा द्राक्षमळा होता. तिथल्या फियानो द्राक्षांची तो पांढरी वाइन करी. व्यापारी अशी वाइन पारखून मोठ्या शहरांत विकत असे. पारख करणाऱ्यांची रीत ठरलेली. घोट तोंडात घोळवायचा, निकाल द्यायचा आणि थुंकून टाकायचा. गिळायचा नाही!

गेल्या वर्षी त्याने असाच घोट थुंकून तोंड वाकडे केले होते. "दात आंबले, बाबा! ही कोण पिणार?"

म्हणून यंदा वृद्धाच्या शिष्येचा जीव टांगणीला लागला होता. या हंगामाची वाइन प्रथमच तिच्या एकटीच्या हातची होती. माल उचलला गेला तर तळघराच्या किल्ल्या तिला मिळणार होत्या; नाही तर मळा विकायचा. वृद्धाच्याने आता होत नव्हते. भीतीपोटी तिने एका पिंपात द्राक्षांचा आटवलेला गोड रस गुपचूप मिसळला होता. त्याच पिंपातली सुरई तिने आता पुढे केली.

व्यापाऱ्याने घोट घोळवला. पचकन थुंकून तो हसला.

"हं, आत्ता कशी माणसात आली! सगळी उचलतो."

एवढ्यात सुरईतला गोड वास हुंगून वृद्ध उठला. त्याने व्यापाऱ्यासमोरची पिकदाणी उचलली आणि सरळ अंगणात नेऊन ठेवली.

"अहो, हे काय?"

"शेठ, तुमची गिऱ्हाइकं थुंकतात का?"

"भलतंच काय विचारता!"

"मग बसा जेवायला."

शिष्या वृद्धाजवळ सरकली. "बाबा, त्यांनी होकार दिलाय," ती कुजबुजली.

"ताटं घे," एवढेच वृद्ध म्हणाला.

तळलेली खारी मासोळी आली, लिंबाच्या फोडी आल्या, म्हशीच्या दुधाचे ताजे चीज आले. दोन-चार घासांतच व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. तेल, मीठ आणि तो गोडवा जिभेवर नुसता चिकटून बसला. पेला सारून त्याने पाणी मागितले. वृद्धाने पाण्याऐवजी दुसरी सुरई आणली. व्यापारी साशंकपणे प्यायला. मग आणखी एक मासा घेतला. मग पेला आपणहून पुढे केला.

"ही कुठली?"

"गेल्या वर्षी तुम्ही थुंकलात ना, ती."

व्यापारी ताडकन उठला. "मला उल्लू बनवता? मग आधीची काय होती?"

वृद्ध शिष्येकडे पाहत राहिला.

"आधीचीत मी गोड रस मिसळला होता," ती कशीबशी म्हणाली. "तुम्हाला आवडावी म्हणून. ती विकायची नाही, शेठ. बाकीची पिंपं जशीच्या तशी आहेत. आंबट."

व्यापारी तरातरा बाहेर पडला.

"घालवलं मी सगळं," तिचे डोळे भरले.

"पोरी, चाखणारा एक घोट घेतो आणि जातो," वृद्ध म्हणाला. "जेवणारा शेवटच्या घासापर्यंत बसतो. तुझ्या वाइनचा आंबटपणा त्या तळणासाठी होता, चीजच्या सायीसाठी होता. तो तू मारून टाकलास. कुणासाठी? जो गिळणारच नव्हता त्याच्यासाठी!"

तेवढ्यात तिला अंगणातली पिकदाणी दिसली. ती घेऊन ती गाडीमागे धावली. "शेठ, ही राहिली!"

व्यापाऱ्याच्या कपाळावरची आठी अजून गेली नव्हती. त्याने पिकदाणीकडे पाहिले, आपल्या हाताला लागलेले मिठाचे कण पाहिले.

"राहू दे तुझ्याकडेच," तो गुरगुरला. "ती आंबट पिंपं दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. आणि पुढच्या खेपेला जरा जास्त मासे तळ."

ती परतली तेव्हा तिच्या ताटाशेजारी किल्ल्या ठेवलेल्या होत्या. ती जेवायला बसली आणि रस न मिसळलेल्या पिंपातली आपल्या हातची आंबट वाइन तिने प्रथमच घासाबरोबर प्यायली.

आज व्यासपीठांवरून आपल्या पेल्यांत जे गोड गोड ओतले जाते, ते जेवणाऱ्यासाठी आहे की थुंकणाऱ्यासाठी, एवढे तरी आपण विचारणार आहोत की नाही?