सोनबाची दोन लग्नं

एका गावात एक भोळा गडी होता. पाटलांच्या गोठ्यात कामाला, नाव सोनबा. सांगाल ते तो जसंच्या तसं करायचा. गोठ्यात हे खपून जायचं, कारण म्हशी फारसं काही सांगत नाहीत.

शेजारच्या गावच्या राहीशी त्याचं लग्न ठरलं होतं. सोनबा इतका खूश, की म्हशींनासुद्धा त्यानं तिचं नाव सांगून ठेवलं होतं. पण राहीचा बाप बाळाजी माळी मोठा पक्का. पोरगा जरा हा आहे असं त्याच्या कानावर आलेलं. आणखी काही आलं, तर सोयरीक मोडली, असं त्यानं बजावलं होतं.

तेवढ्यात जत्रेचं नाटक निघालं. सोनबाचा आवाज बारीक, ओठावर मिशी नाही. तालीम घेणाऱ्या मास्तरांनी त्याला सरदाराची लेक केलं. तिच्या नोकराचं काम खुद्द पाटलांनी मागून घेतलं, कारण सगळा हशा नोकरालाच होता.

मास्तरांनी पहिला धडा दिला. बाईमाणसानं पुरुषासमोर खाली बघायचं, पदर चावायचा, अंगठ्यानं जमीन उकरायची.

दुसऱ्या दिवशी बाळाजी जावई बघायला गोठ्यात आला. म्हशी किती दूध देतात, असं त्यानं सहज विचारलं. सोनबानं मान खाली घातली, उपरण्याचं टोक चावलं आणि अंगठ्यानं एवढं शेण उकरलं, की बाळाजी दोन पावलं मागं सरला. पोरगा मुका असल्याचं लपवलंत, म्हणून तो सोनबाच्या आईशी भांडून गेला.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अरे, ते लुगड्यात. दुसऱ्या अंकात ती लेक पुरुषाचा वेश घेते ना? अंगावर धोतर आलं की छाती काढायची, नोकर दिसला की हुकूम सोडायचा."

सकाळी सोनबा धोतर नेसून निघाला. ओसरीवर पाटील चार पाहुण्यांत चहा पीत बसले होते. सोनबानं छाती काढली.

"ए, घोडा काढ."

पाटलांची तालीम फार पक्की झाली होती. ते ताडकन उठले, "जी, बाईसाहेब" म्हणाले आणि तबेल्याकडे पळाले. खुंट्याचा दोर सोडल्यावर त्यांना आठवलं, की घोडा आपला आहे आणि बाईसाहेबही आपलाच गडी आहे.

ही बातमी बाळाजीच्या गावी पोचायला घोडा लागला नाही. तो सुपारी परत करायला निघालाच होता. राहीनं अडवलं. म्हणाली, "दारू पीत नाही, हात उगारत नाही. बाकीचं माझं मी बघेन."

जत्रेत नाटक झालं. शेवटी नायक झालेल्या गणपा तेल्यानं सरदाराच्या लेकीला हार घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सोनबा आत येऊन हमसून रडायला लागला.

"मास्तर, आता मला तेल्याकडे नांदायला जावं लागणार. राहीला काय सांगू?"

मास्तरांनी त्याचे डोळे पुसले. म्हणाले, "वेड्या, हे लग्न खोटं. पडदा खाली आला की संपलं. हार काढायचा, समोरच्याच्या हातात द्यायचा, काम छान केलंस म्हणायचं आणि घर गाठायचं."

सोनबानं ते नीट लक्षात ठेवलं.

आठ दिवसांनी राहीच्या दारात मांडव पडला. मंगलाष्टकं झाली. सोनबा शहाण्यासारखा उभा होता, बाळाजीसुद्धा पहिल्यांदाच हसत होता. भटजींनी खूण केली, दोघांमधला अंतरपाट सर्रकन खाली आला. अक्षता पडल्या, राहीनं हार घातला.

सोनबानं एकदा खाली गेलेल्या कापडाकडे बघितलं. हार काढला, तिच्या हातात दिला.

"काम छान केलंस," म्हणाला आणि चालायला लागला.

वाजंत्री थांबली. बाळाजी मटकन खाली बसला. राहीनं मात्र पदर खोचला, हार खांद्यावर टाकला आणि वेशीपाशी त्याला गाठलं. तिनं त्याच्या गळ्यात पुन्हा हार घातला, मनगट धरलं आणि त्याला मांडवाकडे वळवलं.

सोनबा तिच्यामागून चालत होता. अर्ध्या वाटेवर त्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हळूच म्हणाला,

"गड्या, अजून लुगड्यातच हिंडतोस? जा, तोंड धू. घरी तुझी बायको वाट बघत असेल."