न वाढलेलं माप

नदीपल्याडच्या एका गावात नेमाजी नावाचा एक कासार राहत होता. बायकांच्या हातात बांगड्या भरणं हा त्याचा धंदा. समोर हात आला की तो आधी दाबून बघायचा आणि मगच पेटीतून बांगडी काढायचा. एकदा दाबलेला हात त्याची बोटं विसरत नसत. कुणी हट्टानं लहान बांगडी मागितली तर तो तोंडावर सांगायचा, "काच माझी फुटेल आणि रक्त तुझं निघेल." गिऱ्हाईक रागानं निघून जायचं आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं परत यायचं.

वर्षातून एकदा नेमाजी आपल्या बहिणीच्या गावाकडे फेरी करायचा. वाटेत एक ओसाड माळ लागे. माळावर एक जुनी बारव होती, पायऱ्यापायऱ्यांची. तिथं पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर आलेला असे. बारवेच्या वरच्या पायरीवर एक बाई बसलेली असे. तिच्या खांद्याशी फडक्यात गुंडाळलेलं मूल असे आणि ती त्याला थोपटत असे.

"कासारदादा, पोरीला दोन काळ्या बांगड्या दे."

"माप?"

"गेल्या साली दिलंस तेच."

नेमाजी घाईत असायचा. लेकराच्या बांगड्यांचं तो काही घेत नसे. पहिल्या खेपेला तिनं मापासाठी दाखवलेल्या बांगडीएवढ्या दोन बांगड्या पायरीवर ठेवायचा आणि चालू लागायचा. असं नऊ वर्षं चाललं. एवढा हातांचा पारखी, पण नऊ वर्षांत त्याच्या डोक्यात एक साधा प्रश्न आला नाही.

दहाव्या वर्षी मात्र तो धंद्यासाठी निघाला नव्हता, पेटी नुसती सवयीनं बरोबर होती. बहिणीला, गोजराला, लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली होती. रंगू तिचं नाव. रंगूला पाचवा महिना नुकता लागला होता. त्याच घरात गोजराच्या जावेचा मुलगा आठव्या महिन्यात होता. त्याचं उष्टावण ठरलं, तेव्हा गोजराच्या सासूनं दोन्ही नातवंडांचं एकदमच उरकायचं ठरवलं. मुहूर्त एक, पंगत एक, खिरीचं पातेलंही एक. मुलीला पाचव्यात चालतं, ही रीतही होतीच. मामानं पहिला घास भरवायचा म्हणून नेमाजीला सांगावा आला.

सांगावा आणणाऱ्याबरोबर गोजरानं हळूच एक वाक्य वेगळं पाठवलं होतं. "दादा, पोरीची मान अजून डुगडुगते. पण माझं कोण ऐकतंय?"

नेमाजीनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. हे बायकांचं बायका बघतील, असं त्याला वाटलं. त्याचं सगळं लक्ष भाचीसाठी घेतलेल्या चांदीच्या वाटीवर होतं. ती त्यानं वाटेत तीनदा झोळीतून काढून पुसली.

बारवेवर पोचला तेव्हा माळावर पान हलत नव्हतं. एरवी तिथं पारवे घुमत असत, तेही आज गप्प होते. बाई पायरीवर बसली होती.

"कासारदादा, पोरीला दोन काळ्या बांगड्या दे."

नेमाजी आज खुशीत होता. "आण इकडं. यंदा मीच भरतो," म्हणाला.

बाईनं फडकं थोडं बाजूला केलं. एक इवलासा हात बाहेर आला. नेमाजीनं तो सवयीनं हातात घेऊन दाबला. हात बारवेच्या तळच्या पाण्यासारखा गार होता. दाबला तरी तो दबला नाही. पण नेमाजी दचकला तो वेगळ्याच गोष्टीनं. हे माप त्याच्या बोटांना पाठ होतं. पहिल्या वर्षी दिलं ते हेच, मागल्या वर्षी दिलं तेही हेच. नऊ वर्षांत ते केसभरही वाढलं नव्हतं.

"बाई," त्यानं कसंबसं विचारलं, "पोर केवढी हाय?"

"पाचवा लागलाय."

नेमाजीनं तो हात सोडला.

"तुझ्या बापानंबी हेच माप दिलं हुतं," बाई म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "उष्टावण हुतं तिचं. पंगत बसली हुती. खीर लई ग्वाड झाली हुती. पोर मान धरत नव्हती. घास जिभेनं भाईर ढकलत हुती. मला दिसत हुतं, कासारदादा. पर मी बोलले नाय. समदे म्हनले, आजून जरा आत घाला. मामानं घातला. घास नरड्यात अडकला, पर पंगतीतल्या कुनाला कळलंबी नाय."

ती पुन्हा थोपटू लागली. मग तिनं त्याच्या झोळीकडे बघितलं.

"वाटी कुनाची हाय?"

नेमाजीनं झोळीचं तोंड आवळलं. त्यानं पेटी उचलली आणि तो जवळजवळ पळतच सुटला. मागून थोपटल्याचा आवाज येत राहिला. थप्. थप्. थप्. त्यानं वळून बघितलं तर माळ रिकामा होता. आवाज मात्र गावाच्या वेशीपर्यंत आला.

बहिणीच्या घरी माणसं भरली होती. आधी जावेच्या मुलाला पाटावर बसवलं. तो ताठ बसला. वाटी दिसताच त्यानं झडप घातली, अर्धी खीर गिळली आणि अर्धी अंगाला फासली. सगळे हसले. मग गोजरानं रंगूला आणून नेमाजीच्या मांडीवर ठेवलं. ती भावाकडे बघत नव्हती.

रंगूची मान लगेच बाजूला कलंडली. नेमाजीनं ती तळहातावर तोलली. रीतीप्रमाणे सोन्याची अंगठी खिरीत बुडवून त्यानं तिच्या ओठाला लावली. रंगूची जीभ पुढं आली. खिरीचा थेंब बाहेर ढकलला गेला आणि हनुवटीवरून ओघळला.

"लागंल ग्वाडी हळूहळू," कुणीतरी म्हणालं.

"दुसरा घाला, पाव्हणं," सासू म्हणाली. "आजून जरा आत घाला."

तेवढ्यात नेमाजीला तो आवाज ऐकू आला. थप्. थप्. उंबऱ्यावर भर उन्हात ती बाई उभी होती. पंगतीतलं कुणीही तिकडे बघत नव्हतं. फक्त पाटावरचा मुलगा खीर चाटायची थांबून दाराकडे टक लावून राहिला होता. बाई नेमाजीच्या हाताकडे बघत होती. नेमाजीला फार भीती वाटली. तिची वाटली आणि स्वतःच्या हाताचीही वाटली.

त्यानं वाटी खाली ठेवली.

"मी भरवणार नाय."

सासूचा चेहरा लाल झाला. "मामा आसून भरल्या पंगतीत न्हाई म्हंता? आपशकुन करता?"

"मावशी," नेमाजी म्हणाला, "तुमच्या हातात मी नऊ वर्सं बांगड्या भरतोय. कधी बारीक बांगडी रेटली का?"

"न्हाई. पर त्येचा हितं काय संबंध?"

"बांगडीला मी रेटत नाय, मग घास कसा रेटू? पोरीची मान धरत नाय. जीभ घास भाईर टाकती. ती वाटीकडं बघतबी नाय, आईला हुडकती. मोठ्या पोराची भूक येगळी आन् हिची येगळी."

"आन् मुहूर्त?"

"मुलीला पाचवा नाय तर सातवा. रीत तुमचीच हाय, मावशी."

सासू ताडकन उठून आत गेली. पाहुणे कुरकुरत जेवले. मामा कंजूष दिसतो, चांदीची वाटी परत न्यायचा बेत असेल, असंही कुणीतरी पुटपुटलं. गोजरानं मुलीला छातीशी धरलं आणि ती सगळ्यांदेखत रडली. "दादा, मला बोलता आलं नाय रं," ती म्हणाली.

"मलाबी उशिराच आलं, गोजे."

त्यानं उंबऱ्याकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. उंबऱ्यावर दोन ओली पावलं उमटली होती आणि उन्हात ती हळूहळू वाळत होती.

दिवस गेले. रंगूला सातवा लागला. आता ती उशीला टेकून बसे आणि मान ताठ धरून घरभर नजर फिरवी. एका सकाळी गोजरा भात खात होती. रंगूचे डोळे ताटावरून आईच्या तोंडाकडे आणि तोंडावरून ताटाकडे जात होते. शेवटी तिनं आईचं भाताचं बोट दोन्ही मुठींत पकडलं आणि ओढून स्वतःच्या तोंडाकडे नेलं. सासू समोरच बसली होती. ती उठली आणि तिनं नेमाजीच्या गावी जाणाऱ्या माणसाला गाठलं. "पाव्हण्यांना सांग," ती म्हणाली, "पोर मागतीय."

नेमाजी आला. त्यानं मऊ शिजवून घोटलेल्या खिरीचा बोटभर घास रंगूच्या ओठाशी नेला. तिनं तो घेतला, चघळला, गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. सासूनं डोळ्यांना पदर लावला. निघताना नेमाजीनं भाचीचा हात दाबून बघितला. मऊ होता, ऊबदार होता, आणि माप बारवेवरच्या मापापेक्षा वाढलं होतं.

परतताना तो मुद्दाम दुपारी बारवेवर थांबला. पायरी रिकामी होती. तिथं इवल्या काळ्या बांगड्यांची एक रास होती. वरच्या त्यानं दिलेल्या, खालच्या त्याच्या बापानं दिलेल्या, सगळ्या एकाच मापाच्या. एकही वापरलेली नव्हती. नेमाजी राशीपाशी टेकला. मग त्यानं पेटी उघडली, रंगूच्या नव्या मापाच्या दोन बांगड्या काढल्या आणि राशीवर ठेवल्या.

पुढच्या वर्षी तो आला तेव्हा बाई पायरीवर नव्हती, जुनी रास होती तशीच होती. त्या दोन मोठ्या बांगड्या तेवढ्या नव्हत्या. आणि बारवेत पारवे घुमत होते.

तात्पर्य: पहिल्या घासाची वेळ मुहूर्त, पंगत किंवा दुसऱ्याचं मूल ठरवत नाही, ती वेळ ते बाळच आपल्या मानेनं, जिभेनं आणि हातानं सांगतं. मोठ्यांनी ते नीट बघावं, तोवर थांबावं, आणि चूक होताना दिसली तर भरल्या पंगतीतही बोलावं.